रिंगेतलं फेल्टचं तोरण: कागद कापायच्या डाय वापरून दिवाळीची सजावट

कार्ड, पाकिटं, स्क्रॅपबुक करणाऱ्यांकडे डाय-कटिंगचं छोटं हँडलचं मशीन असतं आणि दोन-चार पाकिटं भरून पातळ धातूच्या डाय, म्हणजे मशीनच्या दाबानं ठरावीक आकार कापणारे धारदार साचे असतात. त्याच डाय वापरून फेल्ट कापता येतं. कापलेली पानंफुलं भरतकामाच्या लाकडी रिंगेत टाक्यांनी बसवली की दारावर वर्षानुवर्षं लावता येईल असं तोरण तयार होतं. खऱ्या आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण तिसऱ्या दिवशी माना टाकतं. हे तोरण पेटीत ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा काढता येतं.

कागदासाठीच्या डायनं कापड कापायचं म्हटलं की पहिल्यांदा करणारा घाबरतो आणि मग हँडल जोर लावून फिरवत बसतो. खरं तर कसब आहे ते डाय आणि फेल्ट निवडण्यात. तिथे चूक झाली तर हँडल कितीही फिरवा, आकार अर्धवट कापलेलाच निघेल.

फेल्ट कोणतं घ्यायचं

फेल्ट विणलेलं नसतं. तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून ते तयार होतं, म्हणून कसंही कापलं तरी कडेनं धागे सुटत नाहीत. काठ दुमडायला नको, इंटरलॉक नको. काश्मीरचा, कच्छचा किंवा टोंकचा नमदा पाहिला असेल तर तेही लोकरीचं फेल्टच, पण ते जाडजूड. आपल्या कामाला ते चालणार नाही. आपल्याला लागतं सुमारे 1 मिलिमीटर जाडीचं मऊ फेल्ट.

दुकानात ए-फोर आकाराचे रंगीत तुकडे मिळतात. त्यातले बहुतेक अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे असतात आणि ते चालतात, पण घेताना तुकडा उजेडाकडे धरून पाहा. कुठे दाट, कुठे विरळ, जाळीसारखा दिसला तर ठेवून द्या, कारण विरळ जागी तंतू पात्याखाली नुसते दबतात, तुटत नाहीत. बोटांनी हलकं ओढल्यावर लगेच लांबणारं फेल्टही नको. लोकर मिसळलेलं फेल्ट महाग पडतं पण कड अगदी स्वच्छ येते. मी झेंडूसाठी आणि पानांसाठी ते घेते, मागच्या बाजूच्या अस्तराला साधं वापरते. पुठ्ठ्यासारखं ताठ, 2-3 मिलिमीटरचं फेल्टही मिळतं. पातळ डायच्या वाट्याला ते जाऊ देऊ नका.

पुण्यात बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, नागपुरात इतवारी, इथे फेल्ट, रिंगा, मणी, लेस हे सगळं एका फेरीत होतं. परदेशात राहणाऱ्यांना फेल्ट आणि रिंगा कुठल्याही हस्तकलेच्या दुकानात मिळतील. रिंगेवर ताणायचं खणाचं कापड मात्र भारतातून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवून ठेवा.

डाय कोणती चालेल, कोणती नाही

डाय दोन जातीच्या असतात. एक, पत्र्यासारखी पातळ, कागदासाठीची. हिची धार जेमतेम दिसते. दुसरी, फोममध्ये बसवलेल्या पोलादी पात्याची जाडजूड डाय, जी फेल्टच काय, पातळ चामडंही कापते. दुसऱ्या जातीची असेल तर उत्तमच. पण ती महाग, जागा खाणारी आणि एका आकाराचीच. नवख्या माणसानं आधी घरातल्या पातळ डाय बाहेर काढाव्यात.

त्यातून निवडताना कडेची रेघ पाहा. मोठी, सलग, साधी रेघ असलेली डाय फेल्ट कापते. आतमध्ये नक्षीची छिद्रं, बारीक जाळी, केसासारख्या फांद्या असतील तर ती कागदासाठीच ठेवा. दोन कापांमधली पट्टी निदान 3-4 मिलिमीटर रुंद असावी, नाहीतर ती पट्टी काढतानाच तुटते.

आता खरी अडचण. बाजारातल्या सणाच्या डाय बघितल्या तर हिमकण, हरणं, सूचिपर्णी झाडं आणि काटेरी पानं. पणती किंवा आंब्याचं पान शोधत बसाल तर दिवाळी निघून जाईल. त्यापेक्षा चार साध्या डायवर काम काढा: एकात एक बसणारी वर्तुळं, एकात एक बसणारी लाटदार कडेची वर्तुळं, एक पान आणि लहान-मोठे थेंब. वर्तुळ मधोमध कापलं की पणती. थेंब म्हणजे ज्योत. लाटदार वर्तुळांचे तीन थर म्हणजे झेंडू. पान जरा गुबगुबीत असलं तर एकदा कापलेलं पान पुन्हा त्याच डायवर बाजूला सरकवून ठेवायचं आणि परत कापायचं. दोन कडांच्या मधला निमुळता भाग उरतो, तो हुबेहूब आंब्याचं पान दिसतो.

बाकीचं सामान

8 इंची लाकडी रिंग एक. पाठीमागच्या कापडासाठी 12 इंच बाय 12 इंच खण. जुन्या साडीचा पदर, खादी, जाडसर सुती काहीही चालेल, पण खणाच्या बारीक नक्षीवर फेल्टचे सपाट रंग फार उठून दिसतात. फेल्ट: गडद हिरवं, पोपटी, केशरी, हळदी पिवळं, विटकरी. भरतकामाचा सहा पदरी दोरा त्याच रंगांच्या आसपासचा, शिवाय थोडा सोनेरी. शिंप्याच्या सामानाच्या दुकानातून अर्धा मीटर पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर. बारीक टोकाची कात्री, 7 किंवा 8 नंबरची भरतकामाची सुई, टाचण्या, खडू. छोटे सोनेरी मणी हौसेप्रमाणे.

आधी पेस्टिंग, मग कापणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग डायला दोष देतात. फेल्ट मऊ असतं, पात्याखाली ते दबून बाजूला सरकतं. मागून पेस्टिंग लावलं की त्याला कागदासारखा ताठपणा येतो. पेस्टिंगची चकाकणारी, खरखरीत बाजू फेल्टवर ठेवायची, वर जुन्या सुती साडीचा तुकडा आणि मग इस्त्री. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, आठ-दहा सेकंद दाबायची, उचलायची. अॅक्रिलिक फेल्टला जास्त गरम इस्त्री लागली की ते आक्रसतं आणि चमकायला लागतं, म्हणून सिल्कच्या आकड्यावर सुरुवात करा आणि कोपऱ्याच्या चिंधीवर आधी पाहा. पूर्ण गार झाल्यावरच मशीनकडे न्या.

फेल्टचे तुकडे डायपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठे कापून घ्या. अख्खी शीट मशीनमध्ये घालायची नाही, तिच्या घड्या प्लेटमध्ये अडकतात.

आता थर लावायचे. खाली मशीनचा प्लॅटफॉर्म, त्यावर पारदर्शक कटिंग प्लेट, त्यावर धार वर करून डाय, डायवर फेल्ट, त्यावर एक जाड कार्डशीटचा तुकडा आणि सगळ्यात वर दुसरी कटिंग प्लेट. फेल्टची सुलटी बाजू धारेकडे आणि पेस्टिंग वरच्या बाजूला ठेवा. सरळ आकारात काही फरक पडत नाही, पण ‘शुभ’ किंवा एका अंगाला वळलेली कोयरी कापायची असेल तर उलटं ठेवल्यावर उलटंच निघेल. कार्डशीटचं काम असं की फेल्ट आरपार गेलेली धार कशात तरी रुतली पाहिजे. जुन्या प्लेटवर आधीच चरे पडलेले असतात. फेल्टचे तंतू त्या चऱ्यात जाऊन बसतात आणि कापले जात नाहीत. ‘मशीन म्हातारं झालं’ असं ज्याला लोक म्हणतात ते बरेचदा प्लेटचे चरे असतात. फेल्टसाठी प्लेटची कमी वापरलेली बाजू राखून ठेवा.

एका वेळी एक, फार तर दोन डाय. पाच-सहा एकदम ठेवल्या की दाब वाटला जातो आणि एकही नीट कापली जात नाही. डाय प्लेटच्या मधोमध न ठेवता किंचित तिरकी ठेवा, म्हणजे लांब सरळ धार एकदम रोलरखाली येणार नाही. हँडल हळू, एका लयीत पलीकडे आणि तसंच मागे. आवाज कुरकुरीत येतो, त्याला घाबरू नका. हँडल अगदीच अडलं तर मात्र जोर करायचा नाही. प्लेट उलट फिरवून बाहेर काढा आणि कार्डशीटचा थर कमी करा.

बाहेर आल्यावर फेल्ट लगेच ओढायचं नाही. डायसकट उलटं करून कड पाहा. सगळीकडे कापलं असेल तर आकार स्वतःच सुटा पडतो. एखाद्या बाजूला तंतू धरून राहिले असतील तर डायवरून फेल्ट हलू न देता आणखी एक कार्डशीट घालून प्लेट परत फिरवा. तरीही दोन-चार तंतू राहिलेच तर कात्रीच्या टोकानं कापा. खेचून काढलेल्या आकाराची कड पिसारलेली राहते आणि ती नंतर कशानंही बसत नाही. डायच्या पाठीला बारीक छिद्रं असतात, अडकलेला तुकडा तिथून टाचणीनं ढकलायचा.

एखादा आकार काहीही केलं तरी कापलाच जात नसेल, तर त्या डायनं कार्डशीटवर साचा कापा, तो फेल्टवर ठेवून खडूनं आखा आणि कात्रीनं कापा. मशीन नसलेल्या मैत्रिणीला असे साचे कापून दिले तर तिचंही तोरण होतं.

किती आणि काय कापायचं

8 इंची रिंगेसाठी: साधारण 2 इंच लांबीची पाच पानं गडद हिरवी. रिंगेखाली लटकवायला तशीच तीन पोपटी पानं आणि त्यांच्या पाठीसाठी आणखी तीन. सहा झेंडूंसाठी लाटदार वर्तुळांचे तीन माप, सव्वा इंच, 1 इंच आणि पाऊण इंच, प्रत्येकी सहा. मधलं पिवळं, बाकी केशरी. विटकरी फेल्टचं 3 इंची वर्तुळ एक, ते अर्धं करून पणती. दुसरं अर्धं ठेवून द्या, पुढच्या रिंगेला लागेल. पिवळा मोठा थेंब एक, केशरी लहान थेंब एक. पाठीसाठी फेल्टचं मोठं वर्तुळ लागेल, ते रिंगेच्या आतल्या कड्याभोवती पेन्सिल फिरवून आखा आणि हातानं कापा.

झेंडू

या कामातला सगळ्यात मजेचा भाग हाच, त्यामुळे घाई नको. तिन्ही वर्तुळांच्या लाटांच्या खाचेत कात्रीचं टोक घालून आत 2-3 मिलिमीटरचा काप द्या, म्हणजे लाट सुटी होऊन पाकळी होते. सव्वा इंची केशरी खाली, 1 इंची पिवळं त्यावर, पाऊण इंची केशरी वर. ठेवताना वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या मधे येईल असं फिरवा. पाकळीवर पाकळी आली तर झेंडू न होता बटण होतं.

आता दुहेरी दोऱ्यानं खालून सुई काढा, मध्यावर वरून खाली परत घाला, आणि ओढताना बोटानं खालून चिमटा घ्या. फूल वाटीसारखं वर उचललं जातं. त्याच जागी आडवा एक टाका घालून गाठ मारली की तो चिमटा कायम राहतो. मग तीन पदरी हळदी दोऱ्यानं मध्यावर पाच-सात गाठीचे टाके. सुईला दोरा दोनदाच गुंडाळायचा, जास्त गुंडाळला तर गाठ लोंबते. शेवटी पाकळ्या अंगठ्यानं एकेक वर दुमडायच्या. पेस्टिंगमुळे त्या तशाच उभ्या राहतात.

पानांच्या मधली शीर रिंगेवर बसवण्याआधीच भरा: दोन पदरी पोपटी दोरा, देठाचा टाका (स्टेम स्टिच). बाजूच्या शिरा नकोत, 2 इंची पानावर त्या गर्दी करतात. देठाकडे पान उभं चिमटून मागून एक टाका मारला की त्याला खऱ्या पानासारखी पन्हळ येते. लटकणाऱ्या पोपटी पानांना दुसऱ्या बाजूनंही लोक पाहणार, म्हणून दोन पानं पाठीला पाठ लावून कडेनं काज टाका (ब्लँकेट स्टिच) घाला.

रिंगेवर बसवणं

खणाच्या मागेही पेस्टिंग लावा. खण सुटतो, शिवाय फेल्टच्या वजनानं झोळ येतो. रिंगेच्या आतल्या कड्याला सुती नाडी गुंडाळून घेतली तर कापड घसरत नाही. खण ताणताना धागे उभे-आडवे सरळ आहेत ना, ते सारखं पाहत राहा. नक्षी तिरकी झाली तर बाकी कितीही सुबक असलं तरी डोळ्याला तेवढंच दिसतं. स्क्रू बरोबर वर मधोमध यायला हवा, तिथूनच रिंग टांगायची आहे.

सगळे आकार आधी नुसते मांडून पाहा आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. पाच पानं वरच्या कमानीला, टोकं खाली. पानांच्या मधे चार झेंडू आणि दोन टोकांना दोन. खाली मध्यावर पणती, सपाट बाजू वर, तिच्यावर ज्योत. मधली जागा रिकामी सोडा. तिथे काहीतरी हवं असं वाटेल, पण खणाची नक्षी दिसली पाहिजे ना!

शिवताना क्रम खालच्या थरापासून वरच्या थराकडे: आधी पानं, मग पणती, शेवटी झेंडू. पानाला फक्त देठाकडून आणि शिरेवरून टाके, कडा मोकळ्या. पणतीला सगळीकडून दोन पदरी काज टाका, सपाट काठावर सोनेरी साखळी टाका. ज्योतीचे दोन थेंब एकावर एक ठेवून मधे एकच उभा टाका पुरतो.

ग्लू गननं हे सगळं अर्ध्या तासात चिकटवता येतं, हे खरं. पण दारावर दुपारचं ऊन येत असेल तर तो गोंद मऊ होतो आणि एक दिवस उंबऱ्यात झेंडू पडलेला सापडतो. पातळ पांढरा गोंद तर खणावर डाग सोडतो. गोंद लावायचाच तर मागच्या अस्तराला लावा, पुढे टाकेच घाला.

पाठ बंद करणं आणि टांगणं

स्क्रू पेचकसानं घट्ट करा. कापड रिंगेबाहेर सव्वा इंच ठेवून गोल कापा. कडेपासून अर्ध्या इंचावर दुहेरी दोऱ्यानं मोठा धावदोरा घाला आणि दोन्ही टोकं ओढा. कापड बटव्याच्या तोंडासारखं मागे गोळा होतं. पक्की गाठ. त्यावर फेल्टचं वर्तुळ ठेवून चुण्यांना धरून टाके घालत जा.

पोपटी पानं सोनेरी दोऱ्यात ओवून, प्रत्येकाच्या वर दोन मणी घालून, रिंगेच्या खालच्या कडेला मागून अडकवा. मधलं पान थोडं लांब, बाजूची दोन आखूड. स्क्रूच्या खाचेतून लेस ओवली की झालं. दसऱ्याच्या सुमाराला कापायला बसलात तर धनत्रयोदशीपर्यंत हे आरामात होतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका: अॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर पेटतात आणि वितळतात. हे तोरण दाराच्या वरच्या भागात लावा, खऱ्या पणत्यांची रांग त्याच्या खाली येऊ देऊ नका. उंबऱ्यावर पणत्या असतीलच तर लटकणारी पानं त्या वर्षी काढून टाका.

याच डाय, दुसरे सण

थेंबाच्या आकारावर टोकापासून खाली देठाच्या टाक्यानं पाच-सहा कळ्या भरल्या की मोदक होतो. पाच लाल थेंब गोलात मांडून मधून पिवळ्या गाठींचा दांडा काढला की जास्वंद. म्हणजे गणपतीची सोय झाली. संक्रांतीला काळ्या खणावर चौकोनी डाय तिरकी लावून पतंग आणि कडेनं पांढऱ्या गाठींचे हलवे. वसईत, गोव्यात नाताळला घराघरांवर तारे लागतात, त्यासाठी एकात एक बसणाऱ्या ताऱ्यांच्या डाय लाल-पांढऱ्या फेल्टवर चालवा. इथे ते बाजारातले हिमकणही कामी येतात, पण ज्यांच्या फांद्या जाड आहेत तेवढेच. जाड फांद्यांचा हिमकण पांढऱ्या फेल्टमध्ये कापून विटकरी कापडावर लावला तर तो रांगोळीही होतो, तेव्हा सरसकट टाकून देऊ नका.

ठेवणीला टाकताना

तुळशीचं लग्न झालं की रिंग उतरवा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं झटका, पाणी लावू नका. पाकळ्यांमधली धूळ चिकटपट्टीचा तुकडा उलटा करून टिपता येते. लोकर मिसळलेल्या फेल्टला कसर लागते, म्हणून सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा. गोळ्या थेट फेल्टवर नकोत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लाकडी रिंगेला बुरशी येते आणि स्क्रू गंजतो. शिवण्याआधीच रिंगेला पातळ वॉर्निशचा एक हात दिलेला असला तर बुरशी टळते, स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. पेटीत झेंडू वर करून ठेवा, त्यांच्यावर दुसरं काही रचू नका.